सेटलमेंटचे कुंपण आणि जातपंचायतीचा धाक

सोलापुरातील सेटलमेंट आज शहरातील एक वस्ती असली, तरी तिच्या नावामागे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आहे. माणसाने काय केले हे न पाहता त्याचा जन्म कोणत्या जमातीत झाला यावरून त्याला गुन्हेगार ठरविण्याची मुभा या कायद्याने सरकारला दिली. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट यांसारख्या जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणातील वसाहतीत, म्हणजेच सेटलमेंटमध्ये, ठेवण्यात आली. त्यांतील अनेकांनी सोलापूरच्या गिरण्यांत घाम गाळला, परंतु सेटलमेंटमधील सक्तीची हजेरी चुकली नाही आणि परवान्याशिवाय बाहेर पाऊल टाकता आले नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा देशभर रद्द झाला. या कायद्यातून सुटलेल्या जमातींचा विमुक्त समाज हा दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतो आणि ते सर्वस्वी योग्य आहे.

मात्र समाजाच्या आत माणसाला किती मान होता, हा प्रश्न तेवढ्याने सुटला नाही. पोलीस आणि कचेरी यांच्याकडून केवळ संशयच वाट्याला आल्यामुळे भांडणतंटे, सोयरिकी आणि काडीमोड यांचा निवाडा जातपंचायतीकडेच राहिला. पंचायतीने अनेकदा उघड्यावर पडलेल्या कुटुंबाला आधार दिला, हे मान्य केलेच पाहिजे. पण दंड, वाळीत टाकणे आणि स्त्रीला बोलू न देता तिच्याविषयी दिलेला निर्णय हीही त्याच पंचायतीची रीत होती, आणि बाहेरून अपमान सोसलेल्या समाजाने आपल्याच लेकीसुनांना तो पुन्हा सोसायला लावावा, हे मला अत्यंत वेदनादायक वाटते.

कायद्याची वाटही सरळ नव्हती. मुंबई राज्याने बहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा १९४९ मध्येच केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो घटनाबाह्य ठरविला. त्यानंतर थेट २०१६ मध्ये महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा संमत केला. जुलै २०१७ पासून अमलात आलेल्या या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

याच सुमारास कंजारभाट समाजातील शिकलेल्या तरुण-तरुणींनी नववधूच्या कौमार्य परीक्षेला उघड विरोध सुरू केला. तक्रार बाहेरच्यांनी नव्हे, तर समाजातल्याच तरुणांनी केली, आणि त्यासाठी आप्तांचा रोष पत्करला, म्हणून मी या विरोधाला कायद्याइतकेच महत्त्व देतो.