बाहेरच्या कामात ब्लाइंड बोल्ट: ट्यूबच्या आतलं पाणी आणि त्यावरचा वाद

ब्लाइंड बोल्ट म्हणजे मागून नट न लावता एकाच बाजूने बसणारा बोल्ट. तो लागतो कारण पोलादी ट्यूबच्या, म्हणजे पोकळ सेक्शनच्या आत हात जात नाही, पण ही अडचण सुरुवातीला नव्हतीच. स्कॉटलंडचा फोर्थ रेल्वे पूल 1890 ला झाला, त्याच्या मुख्य नळ्या 12 फूट व्यासाच्या, आत माणूस आरामात उभा राहील एवढ्या. चौकोनी आणि आयताकृती ट्यूब 1950 च्या दशकात बाजारात आली तेव्हा प्रश्न उभा राहिला. साध्या बीमवाल्यांनी तोपर्यंत रिव्हेट सोडून हाय स्ट्रेंथ बोल्ट धरले होते (अमेरिकेत त्याची पहिली नियमावली 1951 ची), पण ट्यूबला मागून नट लावणार कसा, म्हणून तिथे वेल्डिंगच राहिलं. फार तर आरपार लांब बोल्ट, नाहीतर आधीच वेल्ड केलेली प्लेट. एका बाजूने बसणारे रिव्हेट 1930 च्या दशकापासून विमानांत होते, पण ते पातळ पत्र्यासाठी, इमारतीच्या भाराला त्यांचा उपयोग नाही.

खरी गाडी सुरू झाली 1980-90 च्या दशकांत. कोणी भोक घर्षणाने तापवून आतल्या बाजूला धातूची कॉलर काढली आणि तिच्यातच आटे पाडले, कोणी आत उलगडणारा वॉशर आणला, कोणी शंकूवर फाकणारी स्लीव्ह (बोल्टभोवतीची चिरलेली नळी). ही शेवटची पद्धत जास्त पसरली कारण साइटवर दोन पाने (स्पॅनर) असले की काम होतं: एकाने बोल्टच्या डोक्याखालची कॉलर धरायची, दुसऱ्याने बोल्ट फिरवायचा, शंकू वर ओढला जातो आणि स्लीव्हचे चार पाय भिंतीमागे उघडतात. ब्रिटनमध्ये तर याला आणखी एक कारण होतं. 1968 ला लंडनमधल्या रोनन पॉइंट या 22 मजली इमारतीचा कोपरा गॅसच्या स्फोटाने कोसळला, त्यानंतर बीम-कॉलम जोडाने निदान 75 किलोन्यूटन ओढ तरी सोसावी असा नियम रुळला. मग ब्लाइंड बोल्टच्या ताणाच्या चाचण्या झाल्या आणि बऱ्याचदा बोल्टच्या आधी ट्यूबची पातळ भिंतच बाहेर फुगते हे कळलं. पण हे सगळं आतल्या कोरड्या फ्रेमसाठी होतं. तेच बोल्ट पुढे पादचारी पूल, बाहेरचे जिने, शेड, बाल्कन्या यांत गेले आणि वेल्डिंगवाल्यांनी कधीचा मिटवलेला वाद परत उघडला. तो म्हणजे ट्यूब सीलबंद ठेवायची की खाली पाणी जायला भोक ठेवायचं.

सीलबंद बाजूचं म्हणणं सरळ आहे, आतला ऑक्सिजन संपला की गंज थांबतो, आणि पूर्ण वेल्ड केलेल्या ट्यूबला ते लागूही पडतं. ब्लाइंड बोल्टच्या ट्यूबला ते कसं लावायचं हेच मला पटत नाही. फाकणाऱ्या स्लीव्हच्या एम16 (16 मिमी जाडीच्या) बोल्टला 26 मिमी भोक लागतं, एम20 ला 33. त्यात स्लीव्हला उभ्या फटी, शिवाय आट्यांची वाट. उन्हात ट्यूबमधली हवा तापून बाहेर पडते, संध्याकाळी सर आली की ट्यूब एकदम गार होते. 50 डिग्रीची हवा 10 वर आली की दाब जवळपास 12 टक्के पडतो, म्हणजे सव्वा मीटर पाण्याच्या उंचीएवढी ओढ. जोडावर तेव्हा पाणी उभं असेल तर ते आत जाणारच, आणि बाहेर पडायला तेवढा जोर कधी मिळत नाही. थंड प्रदेशात तेच पाणी गोठून 9 टक्के फुगतं आणि खांबाची भिंत तळाशी उभी चिरते.

काही मोठ्या बोल्टांत पुढे रबराचा वॉशर आला आणि खूप जणांनी तो पाणी अडवायला आहे असं धरलं. तो क्लॅम्पिंगचा, म्हणजे प्लेट एकमेकींवर दाबून धरण्याचा जोर वाढवायला आहे, पाण्याशी त्याचा संबंध नाही! बाहेरून सीलंट मारला तरी कॉलरखालच्या दोन प्लेटमधली फट तशीच राहते.

भोकवाल्यांची बाजू मला जास्त पटते. हॉट डिप गॅल्वनाइझिंगला (वितळलेल्या जस्तात बुडवून लेप देणं) तशीही हवा-जस्तासाठी भोकं लागतातच, साडेचारशे डिग्रीच्या जस्तात बंद ट्यूब बुडवली तर फुटते. तीच तळाची भोकं उघडी ठेवली तर आतही जस्त मिळतं आणि पाणीही जातं. यातली खरी अडचण मात्र मान्य करायला हवी: 6 मिमीच्या वरच्या जाडीला जस्त सरासरी 85 मायक्रॉन लागतं आणि साध्या प्लेटिंगच्या बोल्टला 5-8, म्हणजे सगळ्यात आधी बोल्टच गंजणार. आणि साइटवर नंतर पाडलेल्या भोकाची कड उघडीच राहते. म्हणून 316 ग्रेडच्या स्टेनलेसकडे लोक वळले. मोठ्या जस्ताच्या पृष्ठभागात छोटा स्टेनलेस बोल्ट सहसा चालतो, उलटं केलं, म्हणजे स्टेनलेसच्या ट्यूबला जस्ताचा लेप दिलेला बोल्ट, तर बोल्ट लवकर जातो.

शिवाय बसवल्यावर आत काय झालं ते दिसत नाही. प्लेट आणि भिंत मिळून जाडीच्या मानाने स्लीव्ह आखूड निवडली तर पाय भोकातच अडकून फाकतात, मागे उघडतच नाहीत, आणि टॉर्क रेंच (ठरलेला पीळ बसला की क्लिक करणारा पाना) तरी क्लिक करतो.

1994 ला लॉस एंजेलिसजवळ आणि 1995 ला जपानच्या कोबेला भूकंपात वेल्ड केलेले जोड ठिसूळपणे तडकले, त्यानंतर बोल्टच्या जोडांकडे लक्ष वाढलं. गेल्या वीसेक वर्षांतला कल ट्यूबमध्ये काँक्रीट भरून बोल्टचं शेपूट त्यात गाडण्याचा आहे, भिंतीचं फुगणं त्याने बरंच आवरतं. पाण्याचा वादही संपेल असं वाटत होतं. पण आगीत काँक्रीटमधली वाफ सुटावी म्हणून युरोपीय नियमांत अशा खांबाला दर मजल्यावर वर आणि खाली निदान 20 मिमीची भोकं लागतात, आणि उघड्यावरच्या खांबात ती पावसापासून कशी राखायची यावर आता तीच जुनी ओढाताण चालू आहे.