पाकीट परत पाठवण्याआधी : मायक्रोटोम ब्लेडबद्दल थोडंसं

“नवं ब्लेड लावलं तरी सेक्शनवर उभ्या रेघा येतात, पाकीट बदलून द्या,” असे फोन आम्हा ब्लेड विकणाऱ्यांना लॅबमधून सतत येतात. (मायक्रोटोम म्हणजे मेणात बसवलेल्या टिश्यूच्या ठोकळ्यातून, म्हणजे ब्लॉकमधून, अतिशय पातळ काप, म्हणजे सेक्शन, काढणारं यंत्र.) त्यावर आमची एकच विनंती असते. ब्लेड होल्डरमध्ये दीड-दोन सेंटिमीटर बाजूला सरकवा आणि त्याच ब्लॉकचं सेक्शन पुन्हा काढा. रेघ गेली, तर धारेवर तिथे मेण चिकटलं होतं किंवा खाच पडली होती. टिश्यूच्या त्याच जागी पुन्हा उमटली, तर कारण ब्लॉकमध्येच आहे. कॅल्शियमचा कण असेल, राहून गेलेला टाका असेल, कधी स्टेपलसुद्धा निघतो. त्याच्यापुढे कोणत्याही कंपनीची धार टिकत नाही. फोडलेलं पाकीट लगेच बदलून न देता आम्ही आधी स्लाइड मागतो, ते यासाठीच.

खाच बहुतेक वेळा ट्रिमिंगमध्ये, म्हणजे टिश्यू उघडा पडेपर्यंत वरचं मेण जाड कापांनी काढताना, पडते. ब्लॉक उघडताना यंत्र १० ते ३० मायक्रॉनवर चालतं आणि कडक कण धारेला तिथेच पहिल्यांदा भिडतो. मग घाईत त्याच जागेवर ४ मायक्रॉनची रिबन (एकमेकांना जोडून येणाऱ्या सेक्शनची पट्टी) काढायला घेतली जाते आणि पुढचा अर्धा तास रेघांशी झगडण्यात जातो. ब्लेड चांगलं ८० मिलिमीटर लांब असतं. एक टोक ट्रिमिंगला ठेवा, बाकीची धार सेक्शनसाठी राखा. त्याहून बरं म्हणजे ट्रिमिंगला कालचं वापरलेलं ब्लेड लावा. एवढं पाळणाऱ्या लॅबकडून आमच्याकडे ब्लेडची मागणी कमी येते, तरीही आम्ही हेच सांगत राहू.

ब्लॉकमध्ये कॅल्शियम दिसलं, तर उघडलेला पृष्ठभाग थोडा वेळ डीकॅल्सिफाइंग (कॅल्शियम विरघळवणाऱ्या आम्लाच्या) द्रावणावर उपडा ठेवा, पाण्याने धुवा, बर्फावर गार करा. आम्ल फार खोल जात नाही, म्हणून सुरुवातीची सेक्शनच कामाची. पुन्हा ट्रिमिंग केलंत तर सगळं वाया. धारेवरचं मेण पुसताना कापड नेहमी मागून धारेकडे न्या, धारेच्या लांबीवरून कधीच नाही.

नेहमीच्या बायॉप्सीला लो-प्रोफाइल ब्लेड पुरतं. फायब्रॉइड किंवा डीकॅल्सिफाय केलेलं हाड असेल, तर जाड आणि उंच हाय-प्रोफाइल घ्या. ते कमी थरथरतं. सेक्शन एकआड एक जाड-पातळ येत असेल, तर आधी होल्डरचा क्लॅम्प आवळा आणि क्लिअरन्स अँगल (ब्लेड आणि ब्लॉकचा पृष्ठभाग यांच्यातला कोन) तपासा.

ग्रॉसिंगला, म्हणजे आलेल्या नमुन्यातून तपासणीचे तुकडे कापताना, मोठ्या अवयवासाठी लांब पात्याची सुरी हवी. करवतीसारखी मागेपुढे न फिरवता एका ओढीत कापा. काप ३-४ मिलिमीटरचा ठेवा, कॅसेटचं (तुकडा ठेवायच्या छोट्या जाळीदार डबीचं) झाकण त्यावर दाबून बसवावं लागता कामा नये. स्काल्पेलची २२ नंबरची पाती ४ नंबरच्या हँडलवर बसतात, ३ नंबरच्या नाही. ऑर्डरमध्ये ही चूक फार होते.

ऑर्डर देताना मायक्रोटोमचं मॉडेल कळवा आणि होल्डरचा फोटो पाठवा. प्रोफाइलची खात्री नसेल तर दोन्ही प्रकारची नमुना पाती आम्ही देतो. तुमच्याच सगळ्यात कडक ब्लॉकवर ती चालवून पाहा आणि मग डबा मागवा.