वर्गतपासणी आणि वर्गातील मार्गदर्शन

मागच्या बाकावर वही उघडून बसलेले पाहुणे तपासायला आले आहेत की मदतीला, हे पुष्कळदा शिक्षकांनाही कळत नाही आणि घोळ तिथेच होतो. तपासणीत ठरलेल्या निकषांवर शिक्षकांच्या कामाची नोंद होते व ती वरिष्ठांकडे जाते. मार्गदर्शनात मुलांचे शिकणे कुठे अडले, हे दोघांनी मिळून शोधायचे असते आणि नोंद शिक्षकांपाशीच राहते.

हातच्याच्या वजाबाकीचा तास घ्या. ४२ मधून १७ वजा करताना काही मुले ३५ लिहितात, कारण ती प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात. तपासनीस टाचण, फलकलेखन, वर्गाची शिस्त आणि फार तर चुकलेल्या मुलांची संख्या लिहून घेतील. मार्गदर्शक तास संपल्यावर विचारतील, "बाई, मुलांनी हे ३५ कसे काढले असेल?" मग दोघे बसून दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधतील, एक गठ्ठा सोडून दाखवण्याचा पाठ आखतील आणि दुसऱ्या दिवशी कदाचित मार्गदर्शकच तो घेतील व बाई पाहतील.

तपासणी नकोच, असे मी म्हणत नाही. शाळा नियमित भरते का, हे कुणीतरी पाहायलाच हवे. परंतु ज्यांच्या शेऱ्यावर बढती अवलंबून आहे, त्यांच्यासमोर "हा भाग मला नीट शिकवता येत नाही" असे कोण म्हणेल? आणि तेवढे म्हटल्याशिवाय मार्गदर्शन सुरूच होत नाही. शिक्षकांनी एकमेकांना मार्गदर्शन करण्याची पद्धत मांडणाऱ्या ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांना तर असे दिसले की, तोंडी अभिप्राय देताना सहकारीसुद्धा नकळत मूल्यमापनाकडे झुकतात. म्हणून १९९६ च्या लेखात त्यांनी अभिप्रायाची पायरीच वगळली आणि पाठ घेणाऱ्याला मार्गदर्शक व तो पाहणाऱ्याला शिकणारा मानले.

क्राफ्ट, ब्लेझर आणि होगन या संशोधकांनी २०१८ साली मार्गदर्शनावरील ६० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा मार्गदर्शनामुळे अध्यापनात सरासरी ०.४९ आणि मुलांच्या संपादणुकीत ०.१८ प्रमाण विचलनाइतकी (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याचे माप) सुधारणा आढळली. मोठ्या कार्यक्रमांत मात्र परिणाम कमी होता. मार्गदर्शनाचा विस्तार करताना तपासनिसांच्याच हाती आणखी एक तक्ता देण्याचा मोह म्हणूनच टाळावा. ही कामे दोन वेगळ्या व्यक्तींकडे असावीत. मनुष्यबळ अपुरे असेल, तर निदान भेटी वेगळ्या असाव्यात आणि आज कशासाठी आलो व ही नोंद कुणाकडे जाणार, हे वर्गात बसण्यापूर्वीच शिक्षकांना सांगावे.