वळवाआधीचा गार वारा समुद्राचा नव्हे

वळवाची सर येण्याआधी सुटणारा गार वारा म्हणजे खाऱ्या वाऱ्याचाच जोर, असं कोकणात सर्रास सांगतात. तसं नाही. मे महिन्यातल्या दुपारी चिपळूणला नीट पाहा: ढग सह्याद्रीकडून चढून येतो आणि माडाच्या झावळ्या पश्चिमेला, समुद्राकडे झुकतात.

त्याआधी दिसणारे कापशी ढग उथळ. ते जमिनीलगतच्या थरातली वाफ वर नेतात, वरची कोरडी हवा खाली मिसळतात, बस्स. गडगडाटी ढग १० किलोमीटरहूनही उंच जातो. त्यातला पाऊस पडता पडता थोडा हवेतच सुकतो. त्यामुळे हवा गार, जड होते आणि खाली आदळून चहूकडे पसरते. हाच तो वारा! तापलेला थर उचलला जातो, जागी पातळ गार थर बसतो. नवे ढग मग तिथे लगेच धरत नाहीत, त्याच्या कडेला धरतात.