शेपटाला वळण लावायचं कसं: हेलीच्या गायरोचे मोड आणि गेन

(आमच्याकडून हेली (रिमोटनं उडणारं छोटं हेलिकॉप्टर) किंवा गायरो (तिचं शेपूट सांभाळणारा सेन्सर) नेणाऱ्या सगळ्यांसाठी. हाच कागद कानडीतही आहे, काउंटरवर मागून घ्या.)

“गायरो बाद निघाला, बदलून द्या.” आमच्या दुकानात हे वाक्य जेवढ्या वेळा ऐकू येतंय तेवढं दुसरं कुठलंच नाही, आणि खरं सांगायचं तर तपासून बघितलं की बहुतेक वेळा गायरो धडधाकट असतोय, मोड भलताच लावलेला असतोय नाहीतर टेलचं लिंकेज (सर्व्होपासून टेल ब्लेडपर्यंतचे दांडे-जोड) कुठंतरी अडकत असतंय. म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच देऊया. घरी चहा घेत वाचा, हेली समोर ठेवा, मेन ब्लेड काढून ठेवा, मग एकेक करून बघा.

गायरो करतो तरी काय

बहुतेक आरसी हेलींचा मेन रोटर वरून बघितलं तर घड्याळाच्या दिशेनं फिरतो, त्यामुळं बॉडी उलट्या दिशेला फिरायला बघते, म्हणजे नाक डावीकडं पळतंय. टेल रोटर ते पळणं थोपवून धरतो. आता पिच (ब्लेडचा कोन) वाढवला की टॉर्क (बॉडीला उलटं फिरवणारा जोर) वाढला, कमी केला की कमी, त्यात वारा बाजूनं ढकलणार, हे सगळं अंगठ्यानं सांभाळायचं म्हणजे माणूस रडकुंडीला येतोय. गायरो एवढंच करतो की नाक किती वेगानं फिरतंय ते मोजतो आणि तुमच्या डोळ्याला कळायच्या आधी टेल सर्व्होला (टेल ब्लेडचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरला) उलटा हुकूम देतो. जुन्या काळी गायरोत खरोखरच मोटर लावलेलं चाक फिरायचं, ते बॅटरी खायचं आणि हेली पडली की बेअरिंग जायचं. आता आत सिलिकॉनचा कंप पावणारा बारीक तुकडा असतोय, नखाएवढी चिप.

रेट मोड म्हणजे रोखीचं दुकान, हेडिंग होल्ड म्हणजे उधारीची वही

रेट मोड (काहीजण नॉर्मल मोड म्हणतात) फक्त आत्ता काय चाललंय ते बघतो. वाऱ्यानं शेपूट ढकललं, नाक फिरायला लागलं, गायरोनं विरोध केला, फिरणं थांबलं, की व्यवहार संपला. नाक आधी कुठं होतं ह्याची त्याला आठवण नाही. म्हणून बाजूचा वारा असला की हेली हळूहळू नाक वाऱ्याकडं करून उभी राहते, आणि त्यात गायरोचा काही दोष नाही.

हेडिंग होल्ड हिशोब ठेवतो. नाक दहा अंश ढळलं तर दहा अंश वहीत मांडले, आणि ते वसूल होईपर्यंत सर्व्हो मागं घेत नाही. फुताबा कंपनीवाले ह्यालाच एव्हीसीएस म्हणतात, कुठं हेडिंग लॉक लिहिलेलं असतंय, काम एकच. ह्या मोडमध्ये रडरच्या (नाक डावी-उजवीकडं फिरवायच्या) स्टिकचा अर्थच बदलतो: स्टिक म्हणजे सर्व्हो किती सरकवायचा ते नाही, नाक किती वेगानं फिरवायचं ते. स्टिक सोडली की जिथं असेल तिथं थांबायचं.

ही वही समजली की निम्म्या तक्रारी मिटतात. हेली टेबलावर ठेवलीय, हेडिंग होल्ड चालू आहे, तुम्ही रडरची स्टिक जरा हलवून सोडली आणि सर्व्हो एका टोकाला जाऊन तिथंच बसला, परत मध्ये येईना. घाबरू नका की! तुम्ही फिर म्हणालात, हेली काही फिरली नाही, बाकी वहीत तशीच राहिली, आणि गायरो ती वसूल करायला बघतोय. तिथं सर्व्हो मध्ये आणायला ट्रिम (रेडिओवरचं बारीक जुळवणीचं बटण) मारत बसलात तर मात्र हवेत गेल्यावर शेपूट सावकाश फिरत राहणार, कारण गायरोला ट्रिम म्हणजे तुमचाच हुकूम वाटतो. हेडिंग होल्डमध्ये सर्व्हो बघून ट्रिम करायचंच नाही.

मग कुठला मोड घ्यायचा

पहिल्यांदा हॉवर (हवेत एका जागी थांबणं) शिकताय, कलेक्टिव्ह पिचची (सगळ्या मेन ब्लेडचा कोन एकदम बदलणारी) ४५० क्लासची (म्हणजे ४५० साइजची) नाहीतर त्याहून मोठी हेली आहे, तर आमचं मत सरळ आहे, हेडिंग होल्डच. नाक सांभाळायचं ओझं कमी होतं आणि तुमचं लक्ष सायक्लिकवर (हेली पुढं-मागं, डावी-उजवीकडं झुकवणाऱ्या स्टिकवर) राहतं. थ्रीडी (उलट्यासुलट्या कसरती) उडवणाऱ्यांना तर दुसरा पर्यायच नाही, उलटं आणि मागं उडताना रेट मोडमध्ये शेपूट वाऱ्यामुळं फिरून दुसऱ्या बाजूला जायला बघतं.

रेट मोडची मजा स्केलवाल्यांना. खऱ्यासारखी दिसणारी बॉडी बसवलेली हेली पुढं जात वळण घेते तेव्हा शेपूट आपोआप मागून येतंय, विमानासारखं. हेडिंग होल्डमध्ये वळणात शेपूट तुम्हाला स्वतः आणावं लागतं, नाहीतर हेली खेकड्यासारखी तिरकी जाते आणि विमान उडवून आलेला माणूस म्हणतो हिला झालंय काय. दोन्ही एकाच स्विचवर ठेवता येतात, पण शिकत असाल तर स्विच चुकून पडणार नाही असा निवडा.

रेट मोड निवडला तर रेडिओत (हातातल्या रिमोटमध्ये) रेव्हो मिक्सिंग लागतं, म्हणजे पिच वाढेल तसा थोडा रडर आपोआप मिसळायचा. आणि हेडिंग होल्ड निवडला तर तेच मिक्सिंग पूर्ण बंद. हे विसरलं की थ्रॉटल वर केल्या केल्या हेली भोवऱ्यासारखी वळायला लागते. जुन्या हेलीची मेमरी नव्या हेलीला कॉपी केलेल्यांनी हे आधी बघा.

गेनच्या आकड्याचा घोळ

गेन म्हणजे गायरोनं किती जोरात विरोध करायचा. मोड आणि गेन बहुतेक वेळा एकाच चॅनलवरून जातात, आणि इथंच गडबड आहे. काही रेडिओत उणे १०० ते अधिक १०० असा आकडा दिसतो, एका बाजूला हेडिंग होल्ड, दुसऱ्या बाजूला रेट, शून्य म्हणजे गायरो गप्प. काहींत ० ते १०० दिसतो आणि तिथं ५० म्हणजे शून्य, ५० च्या वर हेडिंग होल्ड, खाली रेट. म्हणजे एकाच्या रेडिओवरचा ७५ दुसऱ्याच्या रेडिओवर ५० असतोय. मित्रानं सांगितलेला आकडा तसाच टाकला आणि शेपूट सैल पडलं असं होतं ते ह्यामुळं. कुठली बाजू कुठल्या मोडची, ते गायरोवरच्या लाइटवरून खात्री करून घ्या, रेडिओवर लिहिलंय त्यावर विसंबू नका.

बसवताना

बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्या आमच्या गिऱ्हाइकांना हे सांगावं लागत नाही, त्यांना ‘प्ले’ (सांध्यातला ढिलेपणा) म्हणजे काय ते हातालाच कळतं. बाकीच्यांसाठी: टेलची पुशरॉड सर्व्होवरून काढा आणि बोटानं मागंपुढं सरकवा. स्वतःच्या वजनानं सरकल्यासारखी हलली पाहिजे. कुठं अडली तर आधी ते सोडवा, बॉल लिंक (रॉडच्या टोकाचा गोळीवरचा जोड) घट्ट असेल तर जरा सैल करा, पण इतकीही नाही की खडखड वाजेल. इथं अडकणारं लिंकेज आणि वर महागडा गायरो म्हणजे चांगल्या बैलाला वाकड्या चाकाची गाडी.

सर्व्होचा प्रकार गायरोत बरोबर निवडा. साध्या ॲनालॉग सर्व्होला ३३३ हर्ट्झचा डिजिटल मोड दिला तर तो गरम होऊन जळतो, आणि ७६० मायक्रोसेकंदचा (हुकमाच्या पल्सची लांबी) खास टेल सर्व्हो १५२० वर लावला तर तो टोकाला जाऊन ताठ बसतो. त्याची वॉरंटी आम्ही देत नाही, आधीच सांगतोय.

मग गायरो रेट मोडला घ्या, हेडिंग होल्ड वापरायचा असला तरी आधी रेटच. ट्रिम, सबट्रिम शून्य, सर्व्हो हॉर्न (सर्व्होचा फिरणारा हात) रॉडला काटकोनात, आणि रॉडची लांबी अशी की टेल ब्लेडला टॉर्क थोपवण्यापुरता थोडा पिच आधीपासूनच असेल. हॉवरमध्ये रेट मोडवर शेपूट जवळजवळ जागेवर राहिलं पाहिजे, नाहीतर रॉड फिरवून लांबी बदला. हेडिंग होल्ड हे सगळे दोष झाकतो हो, लंगडत चालणाऱ्याला पण सरळ उभं करतो, पण एका बाजूचं फिरणं थांबताना आणि दुसऱ्या बाजूचं थांबताना फरक दिसायला लागतो तेव्हा मूळ कारण हेच असतंय.

लिमिट (सर्व्हो किती सरकू द्यायचा ती मर्यादा) लावताना टेलचा स्लायडर (शाफ्टवर सरकून टेल ब्लेडचा कोन बदलणारा भाग) दोन्ही टोकांना कुठं आपटत नाही ना, सर्व्हो घुंई करत नाही ना ते बघा. लिमिट फारच कमी करावं लागलं तर हॉर्नवर बॉल आतल्या भोकात घ्या, सर्व्होची सगळी चाल वापरली गेली तर काम बारीक होतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, दिशा. आधी रडर उजवीकडं देऊन सर्व्हो कुठं सरकतो ते बघून ठेवा. मग हेली उचलून नाक झटकन डावीकडं फिरवा. सर्व्हो त्याच दिशेला, म्हणजे उजवा रडर दिल्यासारखा सरकला पाहिजे. उलट सरकला तर गायरोचा रिव्हर्स स्विच बदला, रेडिओचा नाही. ही तपासणी आम्ही स्वतः एकदा घाईत चुकवली, गिऱ्हाईक समोर उभं, म्हटलं दाखवूया की लगेच, आणि ब्लेडनं वेग घेतल्या घेतल्या हेली जागेवर अशी गरगरली की स्किड (खालचे पाय) मोडले, एक टेल ब्लेड कपाटाच्या काचेत गेलं. काच अजून तशीच आहे, आल्यावर बघा. तेव्हापासून दुकानात ब्लेड लावून काही चालू करत नाही.

हवेत गेन लावणं

कमी गेनपासून वर चढत जा. शेपूट सैल वाटतंय, वाऱ्यात वाहतंय, फिरवून थांबवलं की पुढं सरकतंय, म्हणजे गेन कमी. शेपूट भरभर थरथरायला लागलं, कुत्रं खूश झाल्यावर हलवतं तसं, म्हणजे गेन जास्त, थरथर थांबेपर्यंत थोडा थोडा खाली या. हेड स्पीड (मेन रोटरचा वेग) वाढला की टेलची ताकदही वाढते, म्हणून हॉवरला चालणारा गेन आयडल अपला (कसरतीसाठीच्या जास्त वेगाच्या सेटिंगला) जास्त होतो, दोन्हीला वेगळा आकडा ठेवा.

पण गेन कितीही कमी केला तरी सावकाश डुलणं जात नसेल, तर गेनला हात लावू नका. ते बहुतेक वेळा सर्व्हो मंद असल्यानं, लिंकेजमध्ये ढिलेपणा असल्यानं नाहीतर हॉर्नवर बॉल फार बाहेर असल्यानं होतंय. गायरोत डिले नावाची सेटिंग असेल तर ती मंद सर्व्होसाठीच आहे, चांगल्या डिजिटल सर्व्होला शून्य. आणि शेपूट कधी बरोबर, कधी अचानक लाथ मारल्यासारखं झटका देतं तर कंप बघा: वाकलेला शाफ्ट, बॅलन्स नसलेले टेल ब्लेड, गायरोखालची टेप सुटलेली, नाहीतर वायर ताणून बांधलेली. वायर सैल सोडायची, गायरोवर झिप टाय आवळायचा नाही.

बॅटरी लावल्यावर लाइट स्थिर होईपर्यंत हेलीला आणि स्टिकला हात लावू नका, तो त्यावेळी शून्य कुठं आहे ते शिकत असतोय. एसी गाडीतून उन्हात काढली तर पाच-दहा मिनिटं तशीच राहू दे, मग बॅटरी लावा.

छोट्या तयार हेली

व्ही९११ सारख्या फिक्स्ड पिचच्या (मेन ब्लेडचा कोन न बदलणाऱ्या) हेलीत मोडची भानगड नाही, कारखान्यातून जे आलंय तेच. के११० सारखीत ६जी आणि ३डी असा स्विच असतो, तो टेलचा मोड नव्हे. ६जीमध्ये ॲक्सेलरोमीटर (कल ओळखणारा सेन्सर) पण काम करतो आणि स्टिक सोडली की हेली स्वतः सपाट सरळ होते, ३डीमध्ये होत नाही, जशी कलली तशीच राहते. शिकायला ६जी बरा, पण त्याची सवय फार लावून घेऊ नका. ह्या हेलींत टेलला वेगळी छोटी मोटर असते, बॅटरी उतरल्यावर जोरात पिच दिला की शेपूट सुटतं, तिथं गायरो बिचारा काय करणार, मोटरमध्ये दमच नसतो.

आपल्या भागातलं

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, हवा गोव्यापेक्षा अंदाजे ७ टक्के विरळ, एप्रिलच्या दुपारी आणखी पातळ. त्यामुळं किनाऱ्यावर नीट बसवलेली हेली इथं आणली की टेल जरा कमजोर वाटते, गेन दोन-चार आकडे वर घ्यावा लागतो, किंवा टेल ब्लेड एक साइज मोठे घ्या. खानापूरकडची तांबडी धूळ आणि गोकाक-बैलहोंगलकडची काळी, दोन्ही टेलच्या स्लायडरला चिकटतात, तिथं ऑइल चोपडू नका, धूळ धरून चिखल होतो, कोरड्या कापडानं पुसा. बेल्टच्या टेलमध्ये हिवाळ्याच्या कोरड्या हवेत स्टॅटिक तयार होतं आणि गायरोला झटके बसतात, बेल्टवर थोडा सिलिकॉन स्प्रे मारला की बरं पडतं. पावसाळ्यात वाऱ्याचं काही खरं नाही, त्यात सेटिंग करायला जाऊ नका, सकाळी सात-साडेसातला शांत हवेत करा.

सांबऱ्याला विमानतळ पण आहे आणि हवाई दलाचं ठाणं पण, त्या बाजूला हेली काढायचीच नाही. बाकी कुठंही जायच्या आधी सरकारच्या डिजिटल स्काय वेबसाइटवरचा नकाशा बघा, लाल पट्ट्यात परवानगीशिवाय उडवता येत नाही. आणि निपाणी-चिकोडीकडच्यांनी उसाच्या फडाजवळ उडवू नका हो, पुरुषभर उंचीच्या उसात ४५० ची हेली गेली म्हणजे तोडणी होईपर्यंत विसरायची.

एवढं करून पण शेपूट ऐकत नसेल तर घेऊन या, तपासायचे पैसे घेत नाही. पण येताना रेडिओ आणा, बॅटरी चार्ज करून आणा, आणि पडल्यावर फेविक्विकनं चिकटवलेलं काही असेल तर आधीच सांगा. नुसती हेली पिशवीत घालून आणणाऱ्याला आम्ही चहा पाजतो आणि रेडिओ आणायला परत पाठवतो.