पुणे स्टेशनवर बोलणारा आवाज आला कुठून: थोडी पार्श्वभूमी

स्टेशनवरच्या अनाउन्समेंटचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. मुंबईत रेल्वेत रोजंदारीवर लागलेली एक तरुणी, साल १९८२, चार वर्षांनी १९८६ ला ती पर्मनंट झाली आणि पुढे तिचा आवाज देशभर वाजायला लागला. गोष्ट खरी आहे. पण फॉरवर्ड होता होता ती अशी झालीय की जणू १९८२ पासून एकच टेप चालू आहे आणि पुण्यापासून हावड्यापर्यंत प्रत्येक फलाटावर त्याच बाई बोलतायत. मग काही वर्षांपूर्वी परळीच्या एका तरुणाचा व्हिडिओ फिरला, हुबेहूब तोच बायकी सूर, तेव्हा लोक एकदम दुसऱ्या टोकाला गेले, की अरे बाई नव्हतीच, हा तर पुरुष आहे. दोन्ही बाजू हिरिरीने भांडतात आणि दोघांच्याही डोक्यात एकच माणूस नि एकच रेकॉर्डिंग असतं. तसं ते नव्हतंच. फलाटावर आपण जे वाक्य ऐकतो ते कुणीही सलग बोललेलं नसतं.

जुना काळ थोडक्यात सांगतो कारण त्यात आवाजाचा भाग कमी आहे. पुण्याला गाडी आली १८५८ ला, आत्ताची इमारत १९२५ ची, आणि त्यातला बराच काळ रुळाचा एक तुकडा टांगलेला असायचा, त्यावर हाणून घंटा दिली की लोक बोचकी उचलायचे. बाकी हमाल नि चहावाले ओरडून सांगतील तेवढंच. लाउडस्पीकर आल्यावर एका खोलीत माईक आणि माईकसमोर माणूस अशी सोय झाली. कंट्रोलचा फोन घ्यायचा, गाडीचं नाव नि फलाट कागदावर लिहायचा आणि तेच तीन भाषांत वाचायचं. १९८२ ची ती रोजंदारीची नोकरी या प्रकारातली होती, म्हणजे माईकसमोर बसून जिवंत बोलायची. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते त्यामुळे बोलणाऱ्याला त्या त्या स्टेशनवर जावं लागायचं. आवाज साठवून ठेवणं आणि तो मागाहून कुठेही वाजवणं ही पुढची पायरी आहे, आणि या दोन गोष्टी एकाच सालात कोंबल्यामुळेच अर्धा गोंधळ झालाय.

पुण्यापुरतं बोलायचं तर ११ मार्च १९७८ ला पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली ती मोठी घटना. तोवर मेल-एक्सप्रेस आणि पॅसेंजर एवढाच पसारा होता, आता त्यात शिवाजीनगर, खडकी, पिंपरी, चिंचवड, तळेगाव, कामशेत करत जाणारा रोजचा पासवाला आला. त्याला गाडी कुठे जाते हे सांगायची गरज नसते, त्याला कुठल्या फलाटावर आणि किती लेट एवढंच हवं असतं. एकीकडे झेलम नि आझाद हिंदसाठी सामान घेऊन आलेली नवखी माणसं आणि दुसरीकडे हे पासवाले, दोघांना एकाच स्पीकरवरून सांगायचं. एका माणसाने दिवसभर माईकवर हे करणं अवघडच होतं, घसा बसतो, रात्रपाळीला आकडा चुकतो. रेकॉर्ड केलेला आवाज आला तो या कंटाळवाण्या, तेच तेच बोलायच्या कामासाठी आला आणि त्या कामासाठी तो उत्तमच आहे.

आता तुकड्यांची पद्धत, कारण खरा विषय इथे आहे. आवाज देणारी व्यक्ती स्टुडिओत पूर्ण घोषणा वाचत नाही. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' हा एक तुकडा, 'गाडी क्रमांक' दुसरा, शून्य ते नऊ असे सुटे आकडे, मग गाड्यांची नावं, गावांची नावं, 'फलाट क्रमांक', 'येत आहे', 'सुटण्याच्या तयारीत आहे', 'उशिराने धावत आहे', गैरसोयीबद्दलची दिलगिरी. हे सगळं वेगवेगळं साठवलेलं असतं आणि खोलीत बसलेल्या माणसाने गाडी, फलाट नि वेळ निवडली की कॉम्प्युटर ते ओळीने वाजवतो. डेक्कन क्वीनची १२१२४ ची एक साधी घोषणा घ्या, तिच्यात सहज डझनभर तुकडे असतात. नवीन गाडी सुरू झाली की फक्त तिच्या नावाचा तुकडा भरायचा, आणि तो भरायला जुनीच व्यक्ती मिळेल असं नाही. म्हणून एकाच वाक्यात सुरुवात एकीच्या आवाजात आणि गाडीचं नाव दुसरीच्या आवाजात असं होऊ शकतं. मुंबईच्या त्या बाई पुढे दुसऱ्या विभागात गेल्या, आवाज साठवलेला राहिला, आणि त्याच्या आजूबाजूला बाकीच्यांचे तुकडे जमत गेले. 'हा आवाज कुणाचा' याचं एका नावाचं उत्तर म्हणूनच निघत नाही. परळीचा तो तरुणही त्या सुराचा पट्टीचा जाणकार आहे, पण त्याच्या व्हिडिओमुळे बाईंचं काम खोटं ठरत नाही.

ही पद्धत हिंदीला जेवढी सोपी पडते तेवढी मराठीला पडत नाही, आणि याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. हिंदीत गावाचं नाव तसंच राहतं नि 'से', 'को' वेगळे जोडता येतात. मराठीत आपण पुण्याहून निघतो, लोणावळ्याला उतरतो, साताऱ्यावरून जातो. नावच बदलतं. म्हणजे एकेका गावाचे दोन तुकडे करायला हवेत, एक 'पुणे' आणि एक 'पुण्या', किंवा मग वाक्यच असं वाकवायचं की प्रत्यय लावायची वेळच येऊ नये. स्वस्तातला मार्ग दुसरा. 'पुणे लोणावळा लोकल', 'अमुक ते तमुक एक्सप्रेस' अशी नुसती नावं एकामागे एक ठेवली की काम भागतं, फक्त बोलताना कुणी तसं बोलत नाही. वेळेचंही तेच. इंग्रजीत फिफ्टी नि थ्री जोडून त्रेपन्न करता येतात, मराठीत त्रेपन्न, चोपन्न, एकोणसाठ सगळे स्वतंत्र शब्द, तेव्हा मिनिटांचे सगळे आकडे एकेक करून बोलून घ्यावे लागतात. आणि ळ! लोणावळा, मळवली, तळेगाव या नावांचा हिंदी तुकडा उचलून मराठी वाक्यात टाकला तर लगेच कळतं. पाट्यांवर आधी राज्याची भाषा, मग हिंदी, मग इंग्रजी असा क्रम असतो, घोषणेतही मराठी पहिली येते, मग त्या पहिल्या येणाऱ्या भाषेचे तुकडे निदान मराठी माणसाकडून नीट बोलून घेतलेले हवेत असं मला ठामपणे वाटतं.

यानंतरचा इतिहास म्हणजे तुकड्यांना सतत करावी लागलेली डागडुजी. २० डिसेंबर २०१० पासून गाड्यांचे नंबर चार आकडी होते ते पाच आकडी झाले, २१२४ ची १२१२४ झाली. कोविडमध्ये गाड्या स्पेशल म्हणून धावल्या आणि नंबर शून्यापासून सुरू व्हायला लागले, २०२१ च्या नोव्हेंबरनंतर परत जुन्यावर. व्हीटीचं १९९६ ला छत्रपती शिवाजी टर्मिनस, २०१७ ला त्यात महाराज जोडलं गेलं, तिकडे मुगलसराय गेलं, अलाहाबादचं प्रयागराज झालं आणि पुण्याहून उत्तरेला जाणाऱ्या कितीतरी गाड्यांचे तुकडे बदलावे लागले. आता धाराशिव, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर. आकडे तेच असतात, जागा फक्त वाढते, नाव मात्र नव्याने बोलून घ्यावंच लागतं.

सगळ्यात वादाचा निर्णय मात्र वेगळाच आहे, माईकवरचा माणूस किती ठेवायचा हा. यंत्रणा गाड्यांच्या चालू माहितीशी जोडली गेली तशी जिवंत बोलणाऱ्याची गरज कमी मानली जाऊ लागली, खोलीतला माणूस उरला तो बटणापुरता. रोजच्या शंभर घोषणांना यात काहीच अडचण नाही. अडचण येते ऐनवेळी फलाट बदलतो तेव्हा. तुकड्यांचा आवाज फलाट बदलल्याचं त्याच शांत सुरात सांगतो ज्या सुरात तो गाडी वेळेवर असल्याचं सांगतो, ऐकणाऱ्याला घाई आहे की नाही हे सुरावरून कळत नाही. माईकवरचा माणूस 'पळू नका, गाडी थांबणार आहे, मागच्या पुलाने या' हे सांगू शकतो. हे वाक्य कुणी रेकॉर्ड करून ठेवलेलं नसलं तर यंत्र ते बोलूच शकत नाही.

१५ फेब्रुवारी २०२५ ला नवी दिल्ली स्टेशनवर चेंगराचेंगरीत १८ जण गेले. पोलिसांचं सुरुवातीचं म्हणणं असं होतं की प्रयागराज एक्सप्रेस आणि प्रयागराज स्पेशल अशा सारख्या नावांच्या दोन गाड्यांच्या घोषणेमुळे लोकांचा गोंधळ उडाला, नंतर संसदेत रेल्वेकडून सांगितलं गेलं ते डोक्यावरचं मोठं ओझं जिन्यात पडल्याचं. कारण कुठलंही धरा, सुट्टीच्या दिवसांत पुण्याच्या जिन्यांवर दानापूरच्या गाडीची गर्दी ज्याने पाहिलीय त्याला घोषणेचा एक शब्द किती महत्त्वाचा असतो हे सांगावं लागणार नाही. सारखी नावं असतील तर आधी फलाट आणि मग नाव सांगावं, आणि गर्दीच्या दिवशी माईकवर माणूस असावाच, माझं मत इतकं सरळ आहे.

याच्या बरोबर उलट प्रयोग चेन्नईत झाला होता. २६ फेब्रुवारी २०२३ ला चेन्नई सेंट्रल शांत स्टेशन करण्यात आलं, विमानतळांसारखं, घोषणा बंद आणि सगळी माहिती स्क्रीनवर. कल्पना ऐकायला छान होती, गोंगाट कमी. पण ज्यांना स्क्रीन दिसत नाही त्यांनी काय करायचं? ज्यांना वाचता येत नाही त्यांनी? ओरड झाली आणि थोड्याच दिवसांत घोषणा परत आल्या. पुण्यात कोरेगाव पार्कला अंध मुलांची शाळा आहे, कोथरूडला मुलींची, सुट्टी लागली की यातली मुलं घरी निघतात, आणि त्यांच्यासाठी इंडिकेटर असून नसल्यासारखा. आवाज बंद करायचा विचार पुण्यात कुणी मांडला तर त्याने या शाळांमधल्या मोठ्या मुलांशी आधी बोलावं.

मेट्रोचं थोडं वेगळं आहे. पुण्यात ६ मार्च २०२२ ला ती सुरू झाली, तिथे स्टेशनं ठरलेली, फलाट ठरलेला, बोलायची वाक्यं मोजकी, त्यामुळे वाक्यं पूर्ण वाचून घेता येतात आणि कानाला सलग लागतात. दिल्ली मेट्रोला तर दूरदर्शनवर बातम्या देणाऱ्या दोन नावाजलेल्या व्यक्तींचे आवाज आहेत आणि लोकांना ते नावाने माहीत आहेत. रेल्वेतल्या आवाजांना ते भाग्य फार थोड्यांना मिळालं, मराठी तुकडे बोलणाऱ्यांना तर जवळजवळ नाहीच.

आणि आता मजकूर दिला की स्वतःच बोलणारं सॉफ्टवेअर आलंय. त्याला नाव बदललं तरी नवीन रेकॉर्डिंग लागत नाही, 'पुण्याहून' म्हण म्हटलं की म्हणतं, सामान्यरूपाचा जो प्रश्न तुकड्यांना कधी सुटला नाही तो इथे सुटू शकतो. याचं मी स्वागतच करतो. फक्त असा आवाज घडवायला मुळात कुणाचं तरी तासन्‌तास बोलणं लागतंच, आणि जुने साठवलेले तुकडे त्यासाठी वापरायचा मोह होणार हे उघड आहे. ज्यांनी रोजंदारीवर बसून 'गाडी क्रमांक' आणि 'फलाट क्रमांक' बोलून दिलं त्यांनी तेवढेच शब्द दिले होते, उद्या त्यांच्याच आवाजात काहीही बोलवून घ्यायची परवानगी दिली नव्हती. ती आधी मागितली पाहिजे, त्याचे पैसे ठरले पाहिजेत, आणि मराठी आवाज कुणाचा आहे ते नाव स्टेशनवर लावलं पाहिजे.