29 स्क्वाड्रन म्हणजे नक्की किती विमानं?

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 चा निरोप समारंभ झाला आणि तेव्हापासून भारतीय हवाई दलाच्या लढाऊ स्क्वाड्रनचा 29 हा आकडा सगळीकडे फिरतोय. मंजूर 42, हातात 29, म्हणजे 13 कमी, झालं, इथेच चर्चा संपते. पण हा 42 काही पहिल्यापासूनचा नाही. दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या बातम्यांमध्ये मंजूर आकडा साडेएकोणचाळीस असायचा, 42 नंतर रूढ झाला. अर्धी स्क्वाड्रन म्हणजे काय असं तेव्हा लोक हसून विचारायचे, पण ते दिसतं तितकं विचित्र नाही, कारण स्क्वाड्रन हे मुळात विमानांचं मोजमापच नाहीये. ती एक तुकडी असते, तिचे पायलट, तिचे टेक्निशियन, तिचा हँगर, तिचं नाव आणि तिचा नंबर.

ढोबळमानाने एका स्क्वाड्रनमध्ये एका सीटची 16 लढाऊ विमानं आणि प्रशिक्षणासाठीची दोन सीटची 2 विमानं, म्हणजे ट्रेनर, मिळून 18. सुखोई मुळातच दोन सीटचं असल्यामुळे तिथे हा हिशोब जरा बदलतो. त्यातली काही विमानं कायम दुरुस्तीला गेलेली असणार हे धरूनच चालायचं. एकेकाळी सुखोईची जेमतेम निम्मी विमानं उडण्याच्या अवस्थेत असायची, नंतर सुट्या भागांची सोय झाल्यावर प्रमाण सुधारलं, पण स्क्वाड्रनचा आकडा तेव्हाही तोच होता आणि आजही तोच. दुसऱ्या बाजूने बघा, एक सुखोई आठ टनांपर्यंत शस्त्रं उचलतं, मिग-21 ची क्षमता दोन टनांच्या आसपास. मिगची एक स्क्वाड्रन गेली आणि सुखोईची एक आली तर यादीत फरक शून्य.

नंबरचा गोंधळ तर आणखी मजेशीर. जुनं विमान निवृत्त झालं की स्क्वाड्रन मरत नाही, तिला 'नंबरप्लेट' करतात, म्हणजे नंबर आणि निशाण कपाटात ठेवतात आणि नवीन विमान आलं की तोच नंबर परत बाहेर काढतात. अंबाल्याची राफेलवाली 17 नंबरची गोल्डन अ‍ॅरोज आधी मिग-21 उडवायची, 2016 ला बंद झाली आणि सप्टेंबर 2019 मध्ये पुन्हा उभी राहिली, तेव्हा राफेल भारतात यायला अजून दहा महिने होते. स्वदेशी तेजसची पहिली स्क्वाड्रन, 45 नंबरची फ्लाइंग डॅगर्स, तीही जुनी मिगवालीच. तेजसची दुसरी, 18 नंबरची फ्लाइंग बुलेट्स, ही 1971 मध्ये नॅट ही छोटी लढाऊ विमानं उडवायची आणि हवाई दलातलं एकमेव परमवीरचक्र तिच्याच नावावर आहे, मध्ये तिने मिग-27 पण उडवली. त्यामुळे कोणी म्हटलं की अमुक स्क्वाड्रन 'नवीन' आली तर आधी विचारायचं, नवीन काय, विमान की नंबर.

आता मिग-21 कडे येतो. 1963 मध्ये पहिली विमानं आली ती चंदीगडलाच, आणि पुढे आपल्या नाशिकजवळच्या ओझरला कारखाना उभा राहिला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, असं तीन ठिकाणी वाटलेलं काम. सगळी मिळून साडेआठशेच्या वर मिग-21 आपल्याकडे आली. नंतर मिग-27 पण ओझरलाच बनली आणि त्यानंतर सुखोई. नाशिककर विमान बघायला मान वर करत नाहीत, आवाजावरून कोणतं ते सांगतात, असं आम्ही गमतीत म्हणायचो.

'उडती शवपेटी' वगैरे नावं ठेवली गेली, त्यात सगळा दोष विमानाचा नव्हता. मिग-21 चा त्रिकोणी पंख लहान, त्यामुळे उतरताना वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर ठेवावा लागायचा आणि नाक वर असल्यामुळे समोरची धावपट्टी नीट दिसायची नाही. आणि पायलट कुठून यायचा, तर किरणसारख्या संथ ट्रेनरवरून उतरून थेट आसामातल्या तेजपूरला मिगमध्ये. मधली पायरीच नव्हती. मधल्या जेट ट्रेनरची शिफारस ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला झाली, करार झाला 2004 ला आणि हॉक हे ट्रेनर प्रत्यक्षात बिदरला दाखल झालं 2008 ला. पंचवीसेक वर्षं! त्या काळात किती पोरं गेली याचा हिशोब विमानाच्या खात्यावर मांडणं सोपं पडतं.

मूळ योजनेनुसार मिगची जागा तेजसने घ्यायची होती, प्रकल्प 1983 चा, पहिलं उड्डाण जानेवारी 2001 चं, पहिली स्क्वाड्रन जुलै 2016 ची. ते लांबतंय हे कळल्यावर बाहेरून विमानं घ्यायचा विषय निघाला आणि इथूनच तो 126 चा आकडा येतो, ज्यावर आजही लोक हमरीतुमरीवर येतात. 126 कुठून आला? 7 गुणिले 18. सात स्क्वाड्रन, बाकी काही गूढ नाही. कारगिलमध्ये मिराज-2000 ने चांगलं काम केलं होतं म्हणून आधी तेच आणखी घ्यायचा विचार होता, मग एकाच विक्रेत्याकडून कसं घ्यायचं म्हणून खुलं टेंडर आलं, एमआरसीए (बहुउद्देशीय लढाऊ विमान) चं एमएमआरसीए (त्यातच 'मध्यम वजनाचं') झालं, आणि 2007 ला टेंडर निघेपर्यंत मिराजचं उत्पादनच थांबायला आलं होतं. सहा विमानं स्पर्धेत होती, बंगळुरू, जैसलमेर आणि लेह अशा तीन हवामानांत चाचण्या झाल्या, 2011 मध्ये राफेल आणि युरोपियन टायफून उरले, जानेवारी 2012 मध्ये राफेल स्वस्त ठरलं.

त्यानंतर तीन वर्षं नुसती बोलणी. 18 विमानं तयार यायची होती आणि 108 इथे बनायची होती, आणि अडलं ते या 108 वर. इथे बनलेल्या विमानाची हमी कोण घेणार, परदेशी कंपनी की इथला सरकारी कारखाना, आणि एक विमान बनवायला लागणाऱ्या कामाच्या तासांचा हिशोब कोणाचा खरा. एप्रिल 2015 मध्ये पॅरिसमध्ये अचानक 36 तयार विमानांची घोषणा झाली, जुलैमध्ये जुनं टेंडर रद्द, सप्टेंबर 2016 मध्ये सुमारे 7.87 अब्ज युरोंचा करार. सगळा देश किमतीवर भांडला, कोर्टापर्यंत गेला. माझ्या मते भांडायचा मुद्दा वेगळा होता. 36 म्हणजे 2 गुणिले 18, अंबाला आणि हाशिमारा या तळांवर एकेक स्क्वाड्रन. उरलेल्या पाच स्क्वाड्रनचं काय याचं उत्तर त्या दिवशी कोणी दिलं नाही. 2018 मध्ये 114 विमानांसाठी पुन्हा कंपन्यांकडून माहिती मागवली गेली, त्याच बहुउद्देशीय विमानांच्या खरेदीचं नाव बदलून एमआरएफए. रशियाबरोबरच्या पाचव्या पिढीच्या विमानातूनही आपण त्याच वर्षी बाहेर पडलो.

आज यादी साधारण अशी: जग्वार 6, मिग-29 आणि मिराज प्रत्येकी 3, राफेल 2, तेजस 2, बाकी सगळं सुखोई. जग्वार उडवणारा जगात आपण एकमेव देश उरलोय. सुखोई 272 घेतली होती, अपघातांत गेलेल्यांची भरपाई म्हणून डिसेंबर 2024 मध्ये आणखी 12 ची ऑर्डर ओझरला गेली.

पुढचं सगळं ओझं तेजसच्या सुधारित आवृत्तीवर, मार्क-1ए वर. फेब्रुवारी 2021 मध्ये 83, सप्टेंबर 2025 मध्ये 97, एकूण 180. भागाकार केला तर दहा स्क्वाड्रन, कागदावर. पहिलं विमान मार्च 2024 ला मिळायचं होतं. अमेरिकन इंजिनांची 99 ची ऑर्डर 2021 ची, त्यातलं पहिलं आलं मार्च 2025 ला. ओझरच्या नव्या लाइनवरून पहिलं मार्क-1ए 17 ऑक्टोबर 2025 ला उडालं, मिगच्या निरोपानंतर तीन आठवड्यांनी. नोव्हेंबरमध्ये दुबईच्या एअर शोमध्ये तेजस कोसळून पायलट गेला, त्यावर जे बोललं गेलं त्यात विमानाला दोष द्यायची मिगच्या वेळचीच घाई दिसली. मोठ्या इंजिनाचं मार्क-2 आणि त्यानंतरचं स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज न दिसणारं, एएमसीए, ज्याला मार्च 2024 मध्ये 15,000 कोटी मंजूर झाले, ही अजून लांबची गोष्ट.

आणि या 42 मध्ये हवेत इंधन भरणारी विमानं मोजतच नाहीत. सगळ्या ताफ्याला आयएल-78 आहेत फक्त 6, तीही 2003-04 ची. 97 तेजसची डिलिव्हरी 2027-28 ला सुरू होऊन सहा वर्षं चालणार आहे, आणि जग्वार, मिराज, मिग-29 यांची निवृत्तीची वेळही साधारण त्याच सुमाराला येतेय.